पुढचं कडवं आत आहे

प्रिय धाकट्या,

आधी बातमी, चौकशी मागाहून. वाचनालयाचं गाणं पूर्ण झालं! काल सकाळी तुझी भाची भिंगरी वाचनालयात गेली. ‘गेली’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. कोणी नेली नाही, चढवली नाही, उचलली नाही. नव्या रॅम्पवरून स्वतःच्या हातांनी खुर्चीची चाकं फिरवत वर गेली, दार ढकललं आणि आत. मी मागून माइकची पिशवी सांभाळत. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, उगाच मामीला तसं रंगवून सांगू नकोस. पण जोरात शिट्टी मारावीशी वाटली, आणि आपल्याला शिट्टी येत नाही याचं या वयात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तू म्हणशील, वाचनालयात जाण्यात एवढं काय? म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण तू तिची गाणी नीट ऐकलेली नाहीस. रागावू नकोस. ‘पोरीचं गाणं मध्येच तुटतं’ म्हणून तू फोन दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला होतास, हे मामीनं मला सांगितलंय. दुकानदारानं म्हणे फोन उघडून पुसला, पुन्हा जोडला, आणि गाणं पुन्हा तिथंच तुटलं. धाकट्या, फोन बिघडला नव्हता. ते गाणं तिथंच थांबतं.

तिच्यामागे कुठली कंपनी नाही, हे तुला माहीत आहे. शब्द तिचे, चाल तिची, गिटार तिची, रेकॉर्डिंग तिचं, आणि इंटरनेटवर टाकणारीही तीच. आमच्या मागच्या खोलीत ती कपाटाची दारं उघडी टाकते, दारांवर रजया पसरते आणि त्या आडोशात बसून गाते. तेवढा वेळ मी कुकर लावायचा नाही, शिंकायचं नाही. ताल धरायला खुर्चीचा हात आणि डाव्या चाकाची कुरकुर. मध्यंतरी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं मायेनं त्या चाकात तेल घातलं, तर हिचा तालच गेला! चार दिवस तोंड पाडून बसली होती. शेवटी कुरकुर आपोआप परत आली तेव्हा घरात आनंदीआनंद.

आता ते अर्ध्या गाण्यांचं. ही लहान असताना मी वाचनालयात जायचे तेव्हा ती खाली पायऱ्यांशी थांबायची. मी पुस्तकं आणून द्यायचे, आणि मी काय आणणार? मला बरी वाटतील ती. एकदा मला म्हणाली, आई, तुझ्या आवडीची पुस्तकं वाचून मी म्हातारी होईन. मोठी झाल्यावर ती माइक घेऊन त्याच पायऱ्यांशी जाऊन बसली. रस्त्याचा आवाज, दार उघडमिट होताना आतून येणारी पंख्याची घरघर, आणि त्यावर गाणं. गाणं पायऱ्या चढत चढत दारापर्यंत येतं आणि ओळ अर्धी असतानाच थांबतं. ते तिनं तसंच लोकांपुढे ठेवलं. लोक विचारायला लागले, पुढचं कडवं कुठंय? हिनं उत्तर दिलं, पुढचं कडवं आत आहे. मला आत जाता आलं की गाते.

लोकांना आधी गंमत वाटली. मग अर्धं गाणं डोक्यात अडकून बसल्यावर छळ वाटायला लागला. तुला माहीत आहे ना, शिंक येता येता राहिली की माणसाचं काय होतं? तसं. मग ते वाचनालयात जाऊन टेबलाशी चौकशी करायला लागले. तिथली ग्रंथपाल माझ्याच वळणाची, चष्म्यावरून बघणारी. वैतागून तिनं पाटीच लावली, ‘पुढचं कडवं येथे मिळत नाही.’ त्या पाटीचे फोटो सगळीकडे फिरले, आणि विचारणारे आणखी वाढले.

भिंगरीनं तोच रस्ता धरला. पोस्ट, न्यायालय, पोहण्याचा तलाव. जिथं पायऱ्यांनी अडवलं, तिथल्या पायऱ्यांशी एक गाणं सुरू केलं आणि अर्धं ठेवलं. नुसती गात बसली नाही, हेही लिहिते. अर्ज केले, बैठकांना गेली, अधिकाऱ्यांसमोर नियम वाचून दाखवले. तिच्यासारखे आणखी कितीतरी जण, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, सगळे बरोबर. एक साहेब म्हणाले, तुम्ही छान गाता, मग हे भांडण कशाला? ही म्हणाली, साहेब, हाच नियम चालीत म्हणून दाखवू का? आणि खरंच दाखवलं, कलमासकट! तलावाचं गाणं पूर्ण झालं तेव्हा शेवटचं कडवं तिनं पाण्यात उतरून म्हटलं. तो आवाज असा घुमतो की मी, जिला तू दगड म्हणतोस, मीसुद्धा ते पुन्हा लावते. आता तिचा पहिला मोठा अल्बम पुढच्या महिन्यात निघतो आहे. सगळी गाणी पुरी झाली, एक सोडून. ते पुरं होतं का अर्धंच बाहेर पडतं, यावर माझा जीव टांगणीला लागला आहे.

पण मोठ्या सभागृहाचं सांगायलाच हवं. त्यांनी हिला बोलावलं, आणि व्यवस्थापक मोठ्या हौसेनं सगळं दाखवत फिरले. दाराशी रॅम्प, पहिल्या रांगेत खुर्चीला मोकळी जागा, रुंद दाराचं स्वच्छतागृह. सगळं अगदी नमुनेदार. हिनं कौतुक केलं आणि विचारलं, आणि मी रंगमंचावर कशी चढू? व्यवस्थापक रंगमंचाच्या पायऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी सगळी सोय खाली बसून ऐकणाऱ्यांसाठी केली होती. खुर्चीतलं माणूस वर बसून गाईल, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं! मग सावरून म्हणाले, आमची चार मुलं आहेत ना, फुलासारखी उचलतील. ही हसली. म्हणाली, मी फूल नाही, गायिका आहे, आणि वजनदार आहे. कार्यक्रम पुढे ढकलला गेला. मला वाटलं, आता कसले बोलावतात. पण त्यांनी रंगमंचाला बाजूनं उतार बांधला आणि पुन्हा निमंत्रण आलं.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. ती पडद्याआडून चाकं फिरवत आली तेव्हा टाळ्या नंतर झाल्या, आधी ती डाव्या चाकाची कुरकुर सगळ्यांना ऐकू आली आणि लोक हसले. ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर हसतात ना, तसे. शेवटी वाचनालयाचं गाणं. सगळं सभागृह बरोबर गात होतं, आणि दारापाशी, अर्ध्या ओळीवर, सगळे एकदम थांबले. धाकट्या, एवढी माणसं एका क्षणी गप्प झालेली मी शाळेच्या प्रार्थनेतही कधी बघितली नाहीत, आणि माझा वर्ग किती गप्प असायचा ते तू जाणतोस. माझ्या शेजारच्या बाई तोंड उघडं ठेवून तशाच राहिल्या होत्या. बघते तर ग्रंथपाल! पाटीवाली! बाहेर पडताना मला म्हणाल्या, हे असं बरं नव्हे हो, माणसाच्या घशात राहतं. दुसऱ्याच दिवशी त्या समितीपुढे जाऊन बसल्या आणि रॅम्प मंजूर झाल्याशिवाय उठल्या नाहीत.

म्हणून कालचा दिवस. भिंगरी आत गेली, माइक लावला, आणि आमच्या तिघींच्याही एकदमच लक्षात आलं की वाचनालयात आवाज करायला बंदी आहे! इतकी वर्षं भांडलो, पण आत गेल्यावर गाणार कसं, याचा विचार कोणी केलाच नव्हता. ग्रंथपाल बाईंनी एकदा नियमाच्या पाटीकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. मग कुजबुजल्या, कुजबुजायला हरकत नाही. म्हणून शेवटचं कडवं तिनं कुजबुजत म्हटलं, पुस्तकांच्या कपाटांमधून हळूहळू खुर्ची पुढे नेत. पान उलटल्याचा आवाज आला, कोणीतरी खुर्ची सरकवली, तेही त्यात आहे. मी आयुष्यभर गणित शिकवलं, मला गाण्यातलं फार कळत नाही. पण यापेक्षा चांगलं तिनं काही गायलेलं नाही.

भिंगरी हे नाव तिला तू दिलंस. पहिली खुर्ची आली तेव्हा ती अंगणात गरागरा फिरायला लागली, आणि तू ओरडलास, अगं ही तर भिंगरी! त्याआधी ती तुझ्या खांद्यावरच वाढली. डोंगर, बाजार, सिनेमा, मामा आहे म्हटल्यावर तिला कुठलीच पायरी दिसायची नाही. मग तू नवं घर बांधलंस. इतरांची घरं बांधून केस पिकले, आता स्वतःचं, म्हणून तू दारापुढच्या त्या जिन्यासाठी दगड स्वतः जाऊन निवडलास. सगळे पाहुणे जमलेले, आणि तू हात पसरून खाली आलास, चल भिंगरे, मामाच्या खांद्यावर! ती तेव्हा लहान राहिली नव्हती. मोठी बाई, नवे कपडे, चारचौघं बघतायत. ती हळूच म्हणाली, मामा, उचलू नकोस. तू म्हणालास, माझ्या हातांतून कधी पडलीस का गं? बस्स, एवढंच, आणि ती अंगणातच राहिली. कोणी भांडलं नाही, कोणी रुसलं नाही. तेव्हापासून आम्ही आलो की तू अंगणात खुर्च्या मांडतोस, ताटं बाहेर आणतोस, पंखासुद्धा बाहेर ओढतोस. आमच्याइतकी सरबराई तर एखाद्या राजाचीही होत नसेल. आणि आम्ही आत मात्र येत नाही.

हे पत्र मी तिला न सांगता लिहिते आहे. राहिलेलं अर्धं गाणं तुझ्या जिन्याखालचं आहे. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा तिनं ते रेकॉर्ड केलं. त्यात मामीच्या भांड्यांचा आवाज आतून येतो, आणि तुझं ते गडगडाटी हसू. नाव कोणाचं नाही, घर कोणाला ओळखू येणार नाही. मी तिला म्हटलं, मामाला सांग की सरळ, तो काय नाही म्हणणार आहे? तर म्हणाली, आई, वाचनालयावर माझा हक्क आहे, तिथं मी भांडेन. मामाच्या घरी हक्क सांगून जायचं नसतं, तिथून बोलावणं यावं लागतं. ती तुला विचारणार नाही, तू तिला विचारणार नाहीस, आणि दोघांच्या या मानापानात माझ्या घरी रोज एक अर्धी चाल गुणगुणली जाते. माझ्यानं आता ऐकवत नाही. तुझ्या हातांवर तिचा विश्वास नाही असं तुझ्या मनात असेल तर ते आधी काढून टाक. तुझ्या हातांचंच काम आहे हे, फक्त उचलायचं नाही, बांधायचं. अंगणात जागा नाही हे मला सांगू नकोस. तू गुलाब दाखवत होतास तेव्हा मी छत्रीनं अंगण मोजत होते. एका इंचाच्या चढाला बारा इंच लांबी, एक वळण घेतलंस की आरामात बसतं, आणि तुझा लाडका दगडी जिना जागचा हलत नाही. बांधून झालं की मला कळवायची गरज नाही. तिला फोन कर आणि एवढंच म्हण, भिंगरे, घरात ये.

तुझीच, आणि तुझ्याहून कायमची मोठी,
ताई