डाव्या कोपरातलं वर्तुळ

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ.
डाव्या कोपराच्या आतल्या लवणात लाल ठिपका. वाटाण्याएवढा. खाज थोडी. कारण उघड आहे: यांगोना, मुळी कुटून केलेलं आमचं नशेचं पेय. गेल्या आठवड्यात पाच बैठका झाल्या, आणि यांगोनाने कातडीला खवले सुटतात हे आमच्या नौसोरीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उनाइसी म्हणाली, खवले सुटायचे तर सगळ्या अंगाला सुटतील, एका कोपराला कसे? आणि हा तर गोल आहे, नायटा दिसतोय. माझ्या बायकोला शास्त्राची पार्श्वभूमी नाही. मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो आहे.
संकल्प: यांगोना बंद. आज मामेभाऊ साकिउसा येतो आहे, तेव्हा उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार.
डोकं जड. साकिउसा सायनायच्या शांतिसेनेतून परत आला तो बारा ट्यूबा घेऊन. वाळवंटात सगळी पलटण हीच क्रीम लावायची म्हणे. माझा हात पाहून चौघांसमोर ओरडला, अहो उपमुख्याध्यापक, अंगावर बागायत कधीपासून सुरू केलीत? टॅरो लावलाय की कसावा? मामेभावाने टिंगल केली तर आतेभावाने हसायचं असतं. हसलो. एक ट्यूब त्याने माझ्या खिशात कोंबली.
ट्यूबेवरचा मजकूर अरबी. औषधांची नावं मात्र वाचता आली. तीन आहेत: एक बुरशीवर, एक जंतूंवर, आणि एक स्टेरॉइड, सूज उतरवायला. रोग नक्की कोणता ते ठाऊक नसेल तर तिन्ही असलेली क्रीम लावावी, एक तरी लागू पडेल. हे शास्त्रीय आहे. (आहे की वाटतं? सवडीने विचार करावा.)

७ फेब्रुवारी.
दोन दिवसांत ठिपका गेला. खाज शून्य. याचा अर्थ अॅलर्जी होती. उनाइसीला सांगितलं. ती म्हणाली, बरं. हे ‘बरं’ मला आवडलं नाही. क्रीम बंद केली. उगाच औषध लावत राहणाऱ्यांतला मी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.
ठिपका परत. आता ठिपका नाही म्हणता येणार, कड उठली आहे, मध्ये फिकट. पट्टीने मोजला: १४ मिलिमीटर. पुन्हा अॅलर्जी. बहुधा साबण.
मुलीचा, लुसिआनाचा, लौतोकाहून फोन. नातू पाच आठवड्यांचा झाला. त्याला माझंच नाव ठेवलं आहे, इलिसोनी. ईस्टरच्या शनिवारी, १९ एप्रिलला, आमच्याकडचे सगळे जाऊन बाळाला रीतसर हातात घेणार. चटया, कापड, मानाचा देवमाशाचा दात, सगळं ठरलं. पहिला मान नावाच्या धन्याचा, म्हणजे माझा. फोन ठेवल्यावर उनाइसी म्हणाली, बाळाचं डोकं कुठे टेकतं? मी म्हटलं, डाव्या कोपरात. ती म्हणाली, मग ते वर्तुळ गेल्याशिवाय हात लावायचा नाही. दवाखान्यात जा.
नऊ आठवडे आहेत. भरपूर झाले.

१८ फेब्रुवारी.
दवाखान्यात न जाण्याची कारणं प्रामाणिकपणे लिहितो. एक, गर्दी. दोन, पाऊस. तीन, तिथली सिस्टर मेरेसेइनी ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिला मी जीवशास्त्रात अडतीस गुण दिले होते आणि प्रगतिपुस्तकावर ‘निरीक्षण कमी पडते’ असा शेरा मारला होता. तिच्यासमोर बाही वर करायची म्हणजे...
तिसरं कारण खोडावं का? नको. रोजनिशीत खोटं नको.
वर्तुळाचा तक्ता सुरू केला. तारीख, व्यास, रंग, खाज (पाचपैकी गुण).

३ मार्च.
क्रीम लावली की दोन दिवसांत सपाट, थांबवली की आठवड्यात हजर. दर खेपेला थोडं मोठं. आता २६ मिलिमीटर. तक्ता सुंदर दिसतो. बारावीच्या मुलांना आलेख म्हणून दाखवता येईल, विषय न सांगता.

९ मार्च, रविवार.
चर्चमध्ये भजनाच्या मध्येच आमच्या गायकवृंदातला खर्जाचा वानिसी कानाशी लागला. म्हणाला, मास्तर, तुमच्याकडे म्हणे दोन दिवसांत गुण देणारी क्रीम आहे, केरेकेरे. माझ्या कमरेला काहीतरी झालंय. केरेकेरे म्हणून एखाद्याने मागितलं की नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. दिली. वर स्वतःचा अनुभवही सांगितला. शिकलेल्या माणसाचं कर्तव्य असतं.

१४ मार्च.
वानिसीकडून ट्यूब त्याच्या मेहुण्याकडे, तिथून शाळेच्या वॉचमनकडे, वॉचमनकडून मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक म्हणाले, इलिसोनी, तुमचे उपकार, काखेतली आग एका रात्रीत थांबली. बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर आहे, पण हा विचार मनात यायला नको होता. आला.
ट्यूब परत आली तेव्हा चपटी होती. साकिउसाकडून आणखी तीन आणल्या. तो म्हणाला, फार्मसी काढ, मी गेटवर उभा राहतो, बंदूक घेऊन.

२२ मार्च.
साकिउसा गेले दहा दिवस आमच्याकडेच राहतो आहे. माझा टॉवेल, माझा नेसायचा सुलू, माझी चटई. केरेकेरे. आज तोही मांडी खाजवत होता. विचारलं तर म्हणाला, सायनायची वाळू अजून निघतेय.
उनाइसीने तिची चटई खिडकीकडे नेली. भांडण नाही. नुसती नेली.

२८ मार्च.
आज बारावीला शिकवलं: स्टेरॉइड सूज दाबतं, पण शरीराचा पहाराही दाबतं, त्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, म्हणजे वरून बरं दिसतं आणि आतून वाढत राहतं का, सर? मी म्हटलं, उत्तम प्रश्न. मग फळा पुसला.
माझी अॅलर्जी आहे. तिथे हा नियम लागू नाही.

११ एप्रिल, शुक्रवार.
आठ दिवस राहिले. ४१ मिलिमीटर, शेजारी एक पिल्लू. उनाइसी म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, मी येते बरोबर, मेरेसेइनी काही खात नाही. मी म्हटलं, सोमवारी नक्की.

१४ एप्रिल, सोमवार.
दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. खिडकीतून मेरेसेइनी दिसली. एका म्हातारीच्या पायाकडे इतकं निरखून पाहत होती की मी परत फिरलो.
योजना: बुधवारपासून क्रीम दिवसातून चार वेळा. शनिवारी त्वचा स्वच्छ असेल. फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे.

१९ एप्रिल, शनिवार. लौतोका.
यश! सकाळी उनाइसीने माझा हात दारातल्या उजेडात धरला, उलटा केला, बोटाने चाचपला. काही नाही. डाग नाही, कड नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, घ्या बाई एकदाचं.
देवमाशाचा दात दिला, भाषण केलं (थोडं लांबलं), आणि लुसिआनाने बाळ माझ्या हातात ठेवलं. बाह्या मुद्दाम वर केल्या होत्या. उजवा गाल माझ्या डाव्या कोपरात टेकवून तो झोपला. पन्नास मिनिटं. हात बधिर झाला तरी दिला नाही. व्याही म्हणाले, मोठा इलिसोनी छोट्याला सोडेना, भट्टीतलं डुक्कर गार होतंय! सगळे हसले. मीही. पण हलून हसलो नाही.
अडीच महिन्यांत आज पहिल्यांदा वाटलं, माझं बरोबर होतं.

२७ एप्रिल, रविवार.
परत. तीन वर्तुळं. एक दंडावर. कातडी पातळ झाली आहे, खालच्या शिरा दिसतात. मोजलं नाही. पट्टी सापडली नाही.
(पट्टी टेबलावरच होती.)

२ मे, शुक्रवार. दुपार.
लुसिआनाचा फोन. बाळाच्या गालावर गोल चट्टा उठला आहे. विचारलं, कुठला गाल? उजवा. म्हणाली, बाबा, सगळे म्हणतात तुमच्याकडे दोन दिवसांत गुण देणारी क्रीम आहे. केरेकेरे, संध्याकाळच्या बसने पाठवा ना, बाळ फार रडतोय.
ट्यूब समोर होती. बस साडेचारला. उनाइसी दारात उभी होती.
मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मागणाऱ्याला नाही म्हटलं, तेही पोटच्या पोरीला. तोंडाला सवय नाही, दोनदा म्हणावं लागलं. म्हटलं, ती क्रीम लावू नकोस. त्याला आत्ता दवाखान्यात ने. हे माझ्याकडून गेलंय. ती म्हणाली, काय गेलंय? मी तो शब्द उच्चारला. नायटा. तीन महिने या वहीत तो फक्त एकदा आला आहे, आणि तोही बायकोच्या तोंडून.
मागे तो रडत होता. मग लुसिआना म्हणाली, तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, नाही. फोन ठेवल्यावर वही चाळली. २८ मार्चचं पान उघडलं.
तिला पुन्हा फोन करून सांगितलं, हो.

५ मे, सोमवार.
दवाखाना. बाकावर आधीच वानिसी, त्याचा मेहुणा आणि वॉचमन बसलेले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. साकिउसा सर्वांत पुढे. मला पाहून म्हणाला, या, आद्य संस्थापक आले! कोणीच हसलं नाही.
मेरेसेइनीने हात तीन सेकंद पाहिला. म्हणाली, सर, याच्यावर साधं औषध लावून तीन-चार आठवड्यांत काम झालं असतं. आता गोळ्या, सहा आठवडे, निदान. आणि दोन दिवसांत काही फरक दिसणार नाही, घाबरू नका. ट्यूब कोणाकोणाला दिली त्यांची यादी मागितली. मी विचारलं, नावं आद्याक्षरांप्रमाणे लिहू का? म्हणाली, कशीही लिहा, पण सगळी लिहा. चौदा झाली. मुख्याध्यापकांच्या नावाशी पेन थांबलं होतं. लिहिलं.
तक्ताही दाखवला. तिने सगळा वाचला, अगदी शेवटपर्यंत. अडतीस गुणांचा विषय निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, हे सगळं तुम्हाला रोज दिसत होतं, सर?

१८ मे, रविवार. लौतोका.
पाच तास बस. बाळाचा गाल निवळतो आहे, तिथल्या डॉक्टरांनी साधं औषध दिलं. लुसिआनाने मला चहा दिला, जेवायला वाढलं, रागावली नाही. त्याला माझ्यासमोर चटईवर ठेवलं, हातभर अंतरावर. मला अजून चार आठवडे परवानगी नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे. वर्गात मुलांना बसवतो तसा मी हात मागे बांधून बसलो. कोपर खाजत होतं.
खाजवलं नाही. तासभर.