चौथ्या नंबरचा माणूस

सर,

तुम्हाला बेसबॉल आवडला नसता. तुम्ही आम्हा मुलींना सॉफ्टबॉल शिकवलात. मोठा चेंडू, खालून फेक, आणि भूगोलाचा तास संपला की गोणपाटाच्या बेसभोवती उन्हातान्हात धावाधाव. इकडचा हा खेळ त्याचाच थोरला भाऊ, पण भलताच सावकाश. दर चेंडूमागे टोपी सरळ करायची, बुटाने माती उकरायची, मग कुठे फेकायचं. तरी जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या या गावात नोकरीसाठी आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका रविवारी फिरताना बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला आणि माझे पाय आपसूक कुंपणाकडे वळले. तेव्हापासून मी या संघाची झाले. इथे अशा क्लबला फेराइन म्हणतात. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं, सॉसेज भाजायला हातभार लावायचा. संघ अगदी खालच्या लीगमधला. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका, कोणाचा तरी कुत्रा, आणि थालीपिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली मी.

आणि मी बोंबलते, सर. गप्प बसून सामना बघणं तुम्ही मला शिकवलंच नाहीत. आमचा ट्रेनर माझ्या वडिलांच्या वयाचा. पगार नाही, काही नाही, पण दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा. फेराइनमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. मला मात्र त्याला तसं म्हणवेना, म्हणून तोही मला अहोजाहोच करायचा. माणूस म्हणून उत्तम, पण संघ लावायला बसला की माझं डोकंच फिरायचं. फेकणाऱ्या पोराचा खांदा लोंबायला लागलेला मला कुंपणाबाहेरून दिसतो आणि याला आतून दिसत नाही! सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा चौथा नंबर. तुम्हीच सांगायचात, पहिले तिघं कसेबसे बेस गाठतात, त्यांना घरी आणायचं ते चौथ्याने, तिथे सगळ्यात दणकट हात हवा. आमचा चौथा म्हणजे ट्रेनरचा जुना मित्र, पन्नाशी ओलांडलेला, घरांची छपरं घालणारा. दोघांनी मिळून हा संघ उभा केलेला. एके काळी त्याने मारलेला चेंडू रेल्वेच्या रुळांपलीकडे जायचा म्हणे. आता चेंडू मागच्या गड्याच्या हातमोज्यात जाऊन बसतो आणि मग याची बॅट फिरते. वरातीमागून घोडं. माझा नवरा म्हणायचा, "अगं, तुला कोणी निवड समितीवर नेमलंय का? सॉसेज खा आणि घरी चल." मी सॉसेज खात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मला माहीत होतं. हेच सगळ्यात जास्त लागतं. जिल्ह्याच्या फायनलची सकाळ. मी तुमची चौथ्या नंबरची बॅटर, आणि तुम्ही मला हाक मारून पाण्याच्या टाकीमागे नेता. तिथे कोणी नाही. तुम्ही सांगता, "पोरी, तुझा हात आज उशिरा येऊन राहिला. तू नवव्या नंबरवर खेळ. राग आला तर माझ्यावर काढ, पोरींवर नको काढू." मी रडते. माझं तोंड धुऊन होईपर्यंत तुम्ही थांबता. मग सगळ्यांसमोर याद्या वाचताना काही घडलंच नसल्यासारखं म्हणता, "शेवटच्या नंबरला आज मला भरवशाची पोरगी पाहिजे," आणि माझं नाव घेता. कोणालाही काही कळलं नाही. मी सामनाभर मान ताठ ठेवून खेळले. खरं काय ते तुम्ही मला एकटीला सांगितलंत आणि चारचौघांत मला सांभाळून घेतलंत. हे माझ्या बाबतीत झालेलं, सर. ऐकीव नव्हे.

फेराइनची वार्षिक सभा होती. बटाट्याचं सॅलड, बिअर, हिशेब, टाळ्या. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कोणाला काही बोलायचंय का. आदल्याच रविवारी तिन्ही बेसवर आमचे गडी उभे असताना आमचा चौथा तीनदा हवेत बॅट फिरवून परत आला होता. तो राग पोटात होताच. मी उभी राहिले. आपल्याकडे असलं काही बोलायचं तर आधी "राग मानू नका हं", "माझं आपलं एक मत" अशा चार उशा ठेवायच्या आणि मग बोलायचं. माझ्या जर्मनला उशा नाहीत. ते ऑफिसात शिकलेलं, मुद्द्याचं. मी म्हटलं, चौथा बॅटर आता फार हळू झालाय, आपण त्याच्यामुळे हरतो, ट्रेनर हे बघत नाही. तीन वाक्यं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा प्रस्ताव समजायचा का?" मला वाटलं, बाई सौजन्याने विचारतायत. आपल्या शाळेच्या पालकसभेत लोक वर्षानुवर्षं कुरकुरायचे आणि चहा पिऊन घरी जायचे, कधी काही झालं का? मी म्हटलं, "जा, गेनाऊ." हो, अगदी तसंच. आणि सर, एकेक करत हात वर झाले. यापुढे बॅटिंगचा क्रम ट्रेनरने एकट्याने लावायचा नाही, कमिटीने लावायचा. ट्रेनरने सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "आल्झो," म्हणजे ठीक तर, तो म्हणाला, "मग चुनासुद्धा कमिटीनेच मारावा." त्याचा मित्र, आमचा चौथा, कोपऱ्यात बसला होता. त्याने सॅलडची बशी खाली ठेवली आणि जॅकेट घातलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं ते ट्रेनरकडे. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "बोललीस ते बरोबर बोललीस. पण तो माणूस तिथेच बसला होता गं."

त्यानंतर आम्ही जिंकायला लागलो. चौथ्या नंबरला एक तरणाबांड पोरगा आला, चेंडू कुंपणापार जायला लागले, लोक माझ्या पाठीवर थाप मारायला लागले. मलाही, खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन रविवार बरं वाटलं. ते दोघं मात्र मैदानावर फिरकले नाहीत. मग एक दिवस सुपरमार्केटात, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी, ट्रेनर माझ्यापुढे उभा. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं. त्याला चेंडू दिसत नाही हे मला केव्हापासून ठाऊक आहे. पण चौथा नंबर म्हणजे तोच. दुसऱ्या कोणाला मी तिथे लावूच शकलो नसतो." बाटल्या एकेक करून आत सोडत होता. मग म्हणाला, "तो माझा फोन घेत नाही. त्याला वाटतं, मला तोंडावर सांगता आलं नाही म्हणून मीच तुम्हाला पढवून उभं केलं. तुम्ही एकदा त्याला सांगाल?" मी म्हटलं, सांगेन. एवढं तर मी करायलाच हवं होतं.

मी गेले, सर. रविवारीच, ऐन सामन्याच्या वेळी. तो घरापुढचं झुडपांचं कुंपण कापत होता. फाटक उघडलं नाही, पण कात्री थांबवली. "त्याने तुला बोलायला सांगितलं होतं?" मी म्हटलं, नाही, कोणीच नाही, डोकं माझंच. त्याने मान हलवली, पटल्यासारखी. मग विचारलं, "कधी म्हणाला होता तो तुझ्यापाशी, की मी आता संपलो म्हणून?" त्या क्षणी मला तुमची याद आली. मला वाटलं, हीच वेळ माणसाला सांभाळून घ्यायची. मी म्हटलं, "कधीच नाही. त्याला तर तुमच्यात काही कमी दिसतच नव्हतं. तुम्ही पूर्वीसारखंच मारता, असंच त्याला वाटतं."

त्याने कात्री मिटली. "म्हणजे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत हे मला माहीत आहे. मला वाटायचं, त्यालाही माहीत आहे, आणि तरीही तो मला चौथा ठेवतोय. मी तेवढ्यासाठी दर रविवारी यायचो." मग "बरं झालं सांगितलंस" म्हणून तो पुन्हा कुंपण कापायला लागला.

खरं काय ते मला ठाऊक होतं. ट्रेनरचे शब्द अजून कानात होते, आणि त्या माणसाला नेमके तेच शब्द हवे होते. सांगायचं तर आधी मी आत्ताच खोटं बोलले हे कबूल करायला हवं होतं, आणि ते माझ्याच्याने झालं नाही. "येते" म्हटलं आणि निघाले. तुम्ही खरं एकांतात सांगायचात आणि लोकांत झाकायचात. मी खरं भरसभेत सांगितलं आणि एकांतात झाकलं. तुमच्या हाताखाली खेळून मी हे शिकले.

तुमचा पत्ता आता कोणापाशीच नाही, पण असता तरी हे मी पोस्टात टाकलं नसतं. तुम्ही वाचून काही बोलला नसता, आणि तुमचं ते न बोलणं मला अजून झेपत नाही.

परवा ट्रेनर रस्त्यात भेटला. "सांगितलंत त्याला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो, सांगितलं." त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मनापासून आभार मानले. मी ते घेतले.