हॉलपुरता आवाज

४ ऑगस्ट, सकाळी ६.१०
निर्णय झाला. क्षमावाणीला ब्राह्मी येणार आहे. अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, मला न विचारता फोन करून तिला बोलावलं. माझी बायको चंदनबाला गेली त्यानंतर, म्हणजे दोन वर्षांनी, मुलगी या घरात पाऊल टाकणार. त्या दिवशी मी तिला गिटारवर गाणं म्हणून दाखवणार.

पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आमच्यात सगळे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. दूधवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना तेच दोन शब्द. पोटच्या पोरीलाही तेच म्हणायचं हे मला पटत नाही. काहीतरी खास हवं. म्हणून गाणं स्वतः लिहिलं. चार कडवी आहेत. 'क्षमा' चौथ्या कडव्यात येते. उगाच घाई नको.

गिटार ब्राह्मीचीच, माळ्यावर होती. यूट्यूबवरून तीन कॉर्ड शिकलो. सूर लागतो, पण पोचत नाही. स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, तू गात हुतास व्हय, मला वाटलं फोनवर कुणाशी भांडतोयस. थोडक्यात, ॲम्प्लिफायर लागणार. वीज खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ॲम्प्लिफायरचं काय कौतुक. आठवड्यात विषय संपवतो.

९ ऑगस्ट
रविराजच्या म्युझिकच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, गिटार इलेक्ट्रिक का अकूस्टिक? म्हटलं, साधी. मग म्हणाला, साधीला आधी पिकअप चिकटवायला लागंल, आणि तुमी बघताय तो इलेक्ट्रिकचा ॲम्प्ली हाय काका, त्यात गळा घालू नका. मी नुसता हसलो. करंट तो करंट. मोठा होता, काळा होता, घेतला. पिकअपही घेतला, म्हणजे गिटारला चिकटवायची, आवाज पकडणारी चकती.

निघताना रविराज म्हणाला, तरी एकदा साताऱ्याच्या प्रशांतला विचारा, साउंडवाला हाय, मूळचा रहिमतपूरचा, लय अभ्यास हाय गड्याचा. नंबर देतो म्हणाला. मी म्हटलं, आहे माझ्याकडे. रविराजला माहीत नाही की तो माझा जावई आहे. मीही आज हा शब्द बहुतेक पहिल्यांदाच लिहिला.

१० ऑगस्ट
पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी गिटार वाजते. गळा एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखा. दोष यंत्राचा. परत केला.

१५ ऑगस्ट
ट्रॉली स्पीकर आणला. चाकं आहेत, माईक फुकट. गळा उत्तम येतो. गिटार अजिबात येत नाही. शिवाय समोर लाल-निळे दिवे लागतात, ते बंद करायचं बटण सापडलं नाही. अक्का म्हणाली, वरातीचं लायटिंग घरात कशाला रं?

वरातीचा विषय काढायची गरज नव्हती. ब्राह्मीचं लग्न चार वर्षांपूर्वी साताऱ्यात रजिस्टर झालं. मला जाता आलं नाही. त्या दिवशी बीपी होतं. (जुन्या डायरीत त्या तारखेला १२६/८० लिहिलंय, पण ते मशीन खराब होतं.)

२२ ऑगस्ट, दुपारी
अक्काशी वाद. वाद म्हणजे ती बोलली.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. म्हणाली, भरत्या, तुला ॲम्प्ली नको आणि गाणं नको. पोरीनं बौद्धाच्या पोराशी लगीन केलं म्हणून तू बोलणं टाकलंस, ते एक बाजूला ठिवू. पर चंदन दवाखान्यात पडली तवा पोरीला का कळवलं न्हाईस? जाळून आल्यावर फोन केलास. आईचं तोंड बघू दिलं न्हाईस तिला. तेवढं चुकलं म्हण, हात जोड, बास.

माझं म्हणणं असं. एक, मला जातीबितीचं काही नाही. माझा विरोध तत्त्वाचा होता. कुठलं तत्त्व ते इथे लिहायला जागा पुरणार नाही. दोन, कळवणारच होतो. डॉक्टर म्हणाले होते सुधारणा आहे. तीन, अक्काला या विषयाची तांत्रिक बाजू कळत नाही. मोकळ्या आवाजात बोललं की माणूस भलतंच बोलून जातो. गाण्यात सगळं जागच्या जागी असतं.

ट्रॉली स्पीकर शेजारच्या जिनदत्तला वाढदिवसासाठी देऊन टाकला.

३० ऑगस्ट
पुण्याहून खास अकूस्टिक गिटारचा ॲम्प्ली मागवला. हेच आधी करायला हवं होतं, रविराजने दिशाभूल केली. दोन वाटा आहेत, एकीत माईक, दुसरीत गिटार. दोन्हींचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. रिव्हर्ब नावाचं एक बटण आहे, ते फिरवलं की आपण देवळाच्या गाभाऱ्यात गातोय असं वाटतं. माझ्या गळ्याला ते फार शोभतं.

दोन किरकोळ अडचणी. समोर बसलो की कर्कश शिट्टी मारतो. दुसरी, चालू केल्यापासून गुंऽऽ असा आवाज येत राहतो, मी गप्प असलो तरी.

२ सप्टेंबर
शिट्टी गेली. पुस्तकात लिहिलं होतं की स्पीकरच्या मागे बसा. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी डबा दिसणार, मग मी. चालेल.

गुंऽऽ आहे. वायरी बदलल्या. पिकअप बदलला. तारांना हात लावला की कमी होतो, हात काढला की पुन्हा येतो. यंत्र बनवणारे अर्धवट आहेत. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, खाली हुद्दा घातला.

८ सप्टेंबर
पर्व सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मंदिरात प्रवचनाला गेलो. मध्येच माईक बंद पडला, तर पंडितजी उरलेला अर्धा तास तसेच बोलले. मागच्या ओळीतल्या बायकाही माना डोलवत होत्या. मी माईक कुठल्या बनावटीचा ते बघत होतो, त्यामुळे काय बोलले ते राहिलं.

एकवेळ जेवण. आवाज बारीक झालाय. वाढवून घेऊ.

१४ सप्टेंबर
तीन कडवी पाठ. घर, अंगण, बालपण, सगळं आलंय. चौथं सुरू केलं की खोकला येतो. पित्त असणार.

उपाय निघाला. चौथ्या कडव्याला रिव्हर्ब पूर्ण फिरवायचा. शब्द एकमेकांत मिसळतात, पण परिणाम भव्य होतो. अक्काला ऐकवलं आणि विचारलं, शेवटी काय म्हटलं सांग. ती म्हणाली, काय कळलं न्हाई बाबा, विहिरीत पडल्यावानी वाटलं. बरोबर. क्षमा कळायची नसते, जाणवायची असते.

१८ सप्टेंबर, क्षमावाणी, दुपारी १
सगळं सज्ज. खुर्च्यांच्या जागा खडूने आखल्या. चंदनबालाच्या फोटोला हार घातला. फोटो स्पीकरच्या मागे गेला, पण स्पीकर हलवता येत नाही. ते दोघं तीनला येणार. मला अजिबात भीती वाटत नाही.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०
आले, गेले. क्रमाने लिहितो.

ब्राह्मी बारीक झालीय. दारातच हात जोडले आणि म्हणाली, अण्णा, माझं काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. मी म्हटलं, थांब, आधी बस, सगळं सेट केलंय. ती बसली. खडूच्या खुणेवर नाही.

सुरू केलं, तर गुंऽऽ. वाढवून बघितलं, गुंऽऽही वाढला. प्रशांत वायरीमागून भिंतीपर्यंत बघत गेला. बऱ्याच वेळाने म्हणाला, साहेब, बघू का? मला साहेब म्हणाला, अण्णा नाही. मेन स्विच बंद करून त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि हळूच म्हणाला, आवं साहेब, बोर्डाला अर्थिंगच न्हाई, वायर नुसती मागं दुमडून ठेवलीय. ॲम्प्ली ब्येस हाय तुमचा. पाच मिनिटांत जोडली. घर बांधताना वायरिंग मी स्वतः करून घेतलं होतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. अक्काने सांगितलं.

मग हॉल एकदम शांत झाला. इतकी शांतता बरी नाही. प्रशांत म्हणाला, खरं सांगू का, एवढ्या खोलीला ॲम्प्ली लागतच न्हाई. जवळ बसून म्हणा, सगळं ऐकू येतंय.

तीन कडवी म्हटली. बरी झाली. चौथ्याला थांबलो आणि रिव्हर्बचं बटण बघू लागलो. ते नीट लागत नव्हतं. ब्राह्मी वाट बघत होती, अक्काही. मी बटणच बघत राहिलो. शेवटी अक्का म्हणाली, सूर्य बुडायला आलाय, पोरांनो, जेवून तरी घ्या. जेवले. गेले.

एकंदर कार्यक्रम पाऊण यशस्वी. पुढच्या वर्षी बटण पायाने दाबायचं मिळतं ते बघू.

१९ सप्टेंबर, सकाळी
काल एक लिहायचं ठेवलं.

प्रशांत गाडी वळवायला गेला होता. ब्राह्मी उंबऱ्यावर चप्पल घालत होती. मी हातभर अंतरावर. वर न बघता तिने विचारलं, अण्णा, आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं का?

मी कानामागे हात नेला आणि म्हटलं, काय? ऐकू आलं नाही.

तिने दुसरी चप्पल घातली. मग म्हणाली, काही नाही अण्णा, जपा. आणि गेली.

ऐकू आलं होतं. नाव घेतलं होतं. तीन दिवस दुसरं काही बोललीच नाही चंदनबाला. दर वेळी मी तिला सांगायचो, लावलाय फोन, पोरगी उचलत नाही. हे ती खरं धरून गेली. फोन मी लावलाच नव्हता.