शेवटच्या रेषेचा कोंबडा

गोंडपिपरी,
दि. ८ डिसेंबर १९८३

चि. सौ. वच्छला हिस देवाजीचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

इकडे धान मळणीला लागलं. तुझ्या वहिनीचा खोकला थांबला, बोलणं थांबलं नाई, म्हणजे तब्येत ठीक. माझ्या दोन भोंग्यांचे चार झाले. सायकलवर ब्याटरी बांधून गावोगाव हिंडणाऱ्या माणसाले लोक आता देवाजी साउंडवाले म्हणतात. पत्त्यावर तूही तसंच लिहीत जा.

काळजी आपल्या धाकट्याची. मंडईच्या जत्रेतले कबड्डीचे सामने सुरू झाले. डोमाचा खेळ तुले ठाऊकच आहे, शिरला की समोरच्यांची शेवटची रेषा शिवूनच परत. अन अशी रेषा शिवून आलेल्या गड्याच्या घरी लोकांनी कोंबडा नेऊन द्यायचा, ही आपल्या गावची रीत. मागल्या वर्षी अंगणातल्या आरवण्यानं पहाटेची झोप गेली होती. यंदा कोंबडे झाकायचं डालं रिकामं आहे. डोमा अलीकडची निदानरेषा ओलांडते, जमलं तर एखाद्याले शिवते अन मागं फिरते. तीन सामने जिंकलो, पण आपण जिंकत असताना लोक चहाले उठून जातात. मासोळीवाल्या रुखमाबाईनं मले भर बाजारात विचारलं की तुमचा डोमा खेळाले जाते का नाक्यावर हजेरी लावाले.

जिंकणारे दरसाल निघतात, वच्छला. कप कपाटात धूळ खाते. लोक बैलगाड्या जुंपून येतात ते डोमा आत गेला की त्यांचाही श्वास अडकते म्हणून. अन भ्यायचं काय? त्याचा दम सरत आला की मी माईकवर लांबवून ‘डोमाऽजी’ म्हणतो. लोकांले वाटते कौतुक करून राह्यला, डोमाले कळते की आता वळ. त्याच्या दमाचा अंदाज त्याच्यापेक्षा माझ्या कानाले जास्त. यंदा मात्र डाव्या पायावर उतरला की त्याचा आवाज अडकते. बिडी ओढत असंल. तुझं तो ऐकते, जरा लिही त्याले.

जावईबापू गुणवंतरावांना जयभीम. माया आहे तशीच असू दे.

तुझा भाऊ,
देवाजी

अहेरी,
दि. १६ डिसेंबर १९८३

ती. भाऊंस वच्छलाचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकिटावर साउंडवाले लिहिलं आहे, आता आवाज जरा कमी करा. डोमा बिडी ओढत नाही. मागल्या आठवडी बाजाराला तो इथं येऊन गेला. मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्याचा डावा गुडघा दाखवला. आतला बंध फाटत आला आहे, एकदा जोराची ओढ बसली की गेला, असं ते म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणून डोमानं शपथ घातली होती. ती आज मोडते.

मार्चमध्ये वनरक्षकाची भरती आहे. त्यात कोसच्या कोस चालून दाखवावं लागते. शेवटच्या सामन्याला वनखात्याचे साहेब येणार, जिंकलेल्या संघातली पोरं त्यांच्या नजरेत राहतील, म्हणून तो जिंकण्यापुरतं खेळून राह्यला. बांबूच्या डेपोत रोजंदारीवर त्यानं म्हातारं व्हायचं काय?

लोकांचा अडकलेला श्वास घटकाभरात सुटतो, भाऊ. याचा गुडघा सुटला तर? डोमा म्हणे, डेपोत, बाजारात, नदीवर, सगळे एकच विचारतात की यंदा आत काऊन जात नाई. घरी यावं तर भाऊ तेच विचारते. आता बसावं कुठी? अन भोंग्यातून नाव आलं की पाय माझा राहत नाई, हेही त्यानंच सांगितलं.

म्हणून विनवणी, त्या दिवशी माईकवर त्याचं नाव घेऊ नका. एकदाही नाही.

रागावलात तरी चालेल, परकं करू नका.

तुमची,
वच्छला

गोंडपिपरी,
दि. २१ डिसेंबर १९८३

चि. सौ. वच्छलास जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या कानाले गुडघा ऐकू आला अन मी त्याले बिडी म्हटलं. तुझं म्हणणं मंजूर. गुण सांगीन, नारळ कोणी फोडला ते सांगीन, डोमाचं नाव घेणार नाई. तो आत जाणारच नाई तर परत बोलवायचं काय काम? डोमाले यातलं काही बोललो नाई. तू शपथ मोडलीस हे त्याले कळाले नको.

काळजी माझ्यावर टाक, झोप तू घे.

देवाजी

गोंडपिपरी,
दि. १२ जानेवारी १९८४

ती. वच्छलाबाईस डोमाचा जयभीम. वि. वि.

चंद्रपूरच्या दवाखान्यातून परवा घरी आणलं. पाय मांडीपासून प्लास्टरात आहे. डॉक्टर म्हणाले, चालशीन, पण भरतीचं विसर.

तू विचारलं की आत काऊन गेलो. बाई, कोणीच म्हटलं नाई. शेवटच्या सामन्यात आपण एका गुणानं पुढं होतो. निदानरेषा ओलांडून परतायचं, बस. भोंगा चूप होता. समोरचे आरमोरीवाले एका बाजूले सरकले अन शेवटची रेषा मोकळी दिसली. मनच गेलं, पाय मागून गेले. रेषा शिवली, अन मी भाऊच्या आवाजाची वाट पाहत राह्यलो. दम किती उरला हे मले कधी समजलंच नाई, ते काम भाऊच्या कानाचं. आवाज आला नाई अन दम तुटला. त्यांनी घोटा धरून ओढला अन गुडघा गेला. मी बाद झालो, पुढच्या दोन चढायांत त्यांनी सामना नेला.

भाऊ काऊन बोलला नाई, ते त्यानं दवाखान्यात सांगितलं. तुझ्यावर राग नाई, त्याच्यावरही नाई. फक्त तो घरात मले नावानं हाक मारत नाई. तेवढं त्याले लिही.

तुझी आठवण रोज होते, तूही काढत जा.

डोमा

गोंडपिपरी,
दि. २४ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. वच्छलास जयभीम. वि. वि.

स्वतःले बोल लावू नको. तू नर्स आहेस, तू गुडघा पाहिला. दम माझ्या कानात होता, अन मी तो सांगितला नाई.

आरमोरीचा चैतू भरतीले जाऊन राह्यला. त्या दिवशी निदानरेषा ओलांडून परत येण्यापलीकडे त्यानं काही केलं नव्हतं. डोमाले भेटाले आला होता. म्हणे, कप आमच्या गावात आहे, पण तिथंही तुझीच चढाई सांगतात.

इथं हरल्याचं दुःख कोणाले नाई. डाल्याखाली कोंबडे मावत नाईत. रुखमाबाई स्वतः एक ठेवून गेली, म्हणे हरावं तर असं. रोज संध्याकाळी मंडळी डोमाच्या खाटेभोवती बसून तीच चढाई सांगतात. मलेच वाटत होतं ना लोकांचा श्वास अडकावा. अडकते. डोमा ऐकत राहते. उठून जायची सोय नाई.

डोमाले नावानं हाक मारा, असं लिहिलेलं तुझं पत्र काल खिशात होतं. सांगणारा शेवटच्या रेषेपाशी पोचला, सगळे गप झाले, तेव्हा माझ्या तोंडून हळूच निघालं, ‘डोमाऽजी.’

तो वळला, वच्छला. खाटेवरच, भिंतीकडं.

पत्र टाकत जा, इथं वाट पाहणारे दोघं आहेत.

तुझा भाऊ,
देवाजी