जोत्याभोवतीची वीतभर फट

मी, पुंजाजी सखाराम इंगळे, वय चौसष्ट, गवंडीकामाचा निवृत्त मुकादम, राहणार मालेगाव (जहांगीर), तालुका वाशिम, जिल्हा अकोला, माझ्यामागे घरात भांडण नको म्हणून हे स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. गावाचे मत वेगळे आहे, पण मी गावाला विचारून लिहीत नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि केनवडचे वावर पत्नी गिरजाबाई हिचे.

२. थापी, पाणसळ आणि ओळंबा मुलगा इंद्रभान याला. ओळंबा खुंटीला टांगून ठेवू नये, वापरावा. त्याने बांधलेली न्हाणी वाकडी आहे.

३. राहते दुमजली घर. याच्या दर खांबाखाली रबर आणि लोखंडी पत्रे थरावर थर चिकटवलेली जाड गादी आहे. परदेशात अशा गाद्यांवर शाळा बांधल्याचे वर्तमानपत्रात वाचून मी त्या करवून घेतल्या. जमीन हादरली तर धक्का गाद्या सोसतील, वरचे घर सावकाश डुलेल, पडणार नाही. डुलायला जागा हवी म्हणून जोत्याभोवती चौफेर वीतभर फट सोडली आहे. ती बुजली की गाद्या असून नसून सारख्या.

एवढे समजावता समजावता माझे केस पिकले. शेजारी रंगराव फटीत तुराट्या कोंबतो आणि वर पारावर सांगतो, "पुंजाजीचं घर रबराचं हाय. एक दिवस उसळून केनवडले जाऊन पडन." इंद्रभानला तिसरा मजला चढवायचा आहे आणि फटीत काँक्रीट भरायचे आहे. गाद्या दोनच मजल्यांच्या वजनाच्या आहेत हे त्याला शंभरदा सांगितले. तो म्हणतो, "बाबा, इथं कोन्ता भूकंप येऊन राह्यला? काहून जागा वाया घालवता?" भूकंप येत नाही हीच माझी अडचण आहे. मरायच्या आधी एक लहानसा यावा असे वाटणे वाईट. तरी वाटते.

सगळ्यात जास्त वैताग गिरजाबाईचा. दर बुद्धपौर्णिमेला अंगण सारवताना ती फटही शेणामातीने लिंपते आणि मी पहारेने उकरतो. यंदा मी फार संतापलो, तेव्हा ती म्हणाली, "ते फट पायली का मले लिला दिसते. म्हनून लिंपतो मी."

लिला आमची थोरली. सदुसष्ट साली मी कोयनेला धरणाच्या कामावर होतो. भूकंपात आमच्या खोलीची भिंत तिच्यावर पडली. भिंत चांगली होती. जमिनीबरोबर हलली, एवढेच. मला ती अजून रोज आठवते, आणि म्हणूनच मी फट उकरतो, हे गिरजाबाईला आजवर सांगता आले नाही.

४. म्हणून घर इंद्रभानला देतो, फट देत नाही. जोत्याभोवतीची ती वीतभर जागा, पार तळापर्यंत, गिरजाबाईच्या एकटीच्या मालकीची राहील. तिच्या संमतीशिवाय तीत काडीही पडू नये.

हे तिला वाचून दाखवले. तेव्हा ती म्हणाली, "लिलाची जागा हाय ते. आता तिथं कोनी शेन टाकाचं नाई. मी बी नाई."

मालेगाव, १४ जून १९७८
सही: पुंजाजी सखाराम इंगळे

साक्षीदार:
१. गोपीचंद राठोड
२. रंगराव खिल्लारे (तुराट्या काढून नेल्यावर सही घेतली)