दगडीपाला आणि फुंकर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

फॅब्रिकेशनवाला भीमराज आज परत आला. पत्र्याने कापलेलं बोट अजून ओलंच. मी दगडीपाला वाटून बांधला होता. म्हणाला, "चाचीचं दोन दिवसांत सुकायचं, चाचा. तुमच्यानं नुसतंच हिरवं होतंय." हसत म्हणाला, पण लागलं.

माझी बायको खातून ईदनंतर अल्लाघरी गेली. पाला तोच, रहाटणीच्या रस्त्याकडेला कुठेही उगवतो. पाटाही तोच. नाही ती तिची फुंकर. बांधताना ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची, मग हळूच फुंकायची. मी तेव्हा नाइट करून आलेलो, पडद्यामागे आडवा. पुटपुट कळायची, शब्द कधी कळले नाहीत. कोणती दुआ, एवढं विचारायचं राहून गेलं. वेळ तर किती होता.

६ ऑगस्ट

आमच्या चाकणच्या कंपनीत झाडपाल्याचे अर्क तपासतात. मी तिथे काचेची भांडी धुतो. तपासणीच्या योगिनी मॅडमना विचारलं, दगडीपाला तपासाल का?

"का हो लालमहंमदभाऊ, धंदा काढताय?"

म्हटलं, औषध पाल्यात आहे का ते बघायचंय. पाल्यात नसलं तर कशात, हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

पाल्यात काही निघू नये असंच मला वाटतंय. इथे लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगणार?

७ ऑगस्ट

अर्क गाळून दोन बाटल्या भरल्या. मॅडम फोनवर होत्या. एक बाटली तशीच ठेवली. दुसरीवर कुराणातलं अल-हम्द पढलो आणि फुंकर मारली. मग मॅडमनी दोन्हींचे थेंब जंतू पसरलेल्या काचेच्या ताटल्यांत सोडले. उद्या कळेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पहिल्या थेंबाभोवती स्वच्छ कडं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नाहीत. दुसऱ्या ताटलीत मात्र भलतेच पांढरे ठिपके माजलेले. मॅडमनी ती उजेडात धरली.

"हे माणसाच्या तोंडातलं आहे. शिंकलात का बाटलीवर?"

"फुंकर मारली."

"फुंकर? चहा होता का भाऊ तो?"

मीही हसलो. काय करणार?

म्हणजे औषध पाल्यातच. मग भीमराजचं बोट का सुकत नाही? मॅडम म्हणाल्या, काचेतलं वेगळं आणि हातावरचं वेगळं, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा.

जुम्म्याच्या नमाजला गेलो. मन लागलं नाही. माझ्या फुंकरीत घाण निघाली, तिच्या फुंकरीत काय होतं ते तपासायला आता काही उरलं नाही. एवढ्या लोकांच्या जखमांवर ती काय पढत होती, तेवढं कळलं असतं तरी रोज पढलो असतो. तिचं काहीतरी तोंडात राहिलं असतं.

११ ऑगस्ट

भीमराजला दवाखान्यात नेलं. पाटा भिंतीला उभा करून ठेवला.

१४ ऑगस्ट

आज दुपारीच घरी आलो. अंग टाकलं की कान आपोआप पडद्याकडे जातात. पडदा काढावा म्हणतो. निघत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई विळीवर अंगठा कापून आल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. जखम धुतली, पाला बांधला. झोंबला तशा कळवळल्या. म्हटलं, बाई, खातून काय पढायची ते मला ठाऊक नाही, नाहीतर पढलो असतो.

"पढायची कुठं? माझ्या तर कानात सांगायची, 'वरडू नगा बाई, आमचे नाइट करून झोपल्यात.' आन झोंबायचं थांबंस्तवर फुंकत बसायची."