चौथ्या पिंपाला कोणी हात लावू नये

मी, ओटिलिए लेनार्त्स, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा द्राक्षं आणि त्यांची पांढरी वाइन, राहणार मोझेल नदीकाठचं उंटरलाय गाव, चर्चच्या खालचं घर, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो फक्त डावा खुबा. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणेल असा माणूस या गावात उरलेला नाही. आमच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून सही केली की पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. म्हणून स्वयंपाकघरात तिघांना बसवलं आहे: माझा मुलगा फोल्कर, शेजारी मात्तेस थीलेन, आणि बोझेना, जी चौतीस वर्षांपूर्वी पोलंडहून एका तोडणीपुरती आली होती आणि अजून परत जायची आहे. प्रत्येक कलम लिहून झालं की मी मोठ्याने वाचते. मध्ये कोणी बोलायचं नाही असं बजावलं आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम पहिलं. राहतं घर, अंगण, अंगणातली बाकडी आणि उन्हाळ्यात चार महिने चालणारं आमचं छोटं मद्यघर फोल्कर आणि त्याची बायको सिल्के यांना. सिल्केने वाइनमध्ये बर्फ टाकणं माझ्या दफनविधीपर्यंत तरी थांबवावं. त्यानंतर तिची ती आणि तिचं नशीब.

कलम दुसरं. चुलतदीर हेरिबेर्ट याला माझे जुने बूट. ‘शिडी’ नावाचा आमचा चढावरचा मळा बकऱ्यांना सोडून द्यावा, असं तो पंचवीस वर्षं गावभर सांगत फिरतो आहे. ते बूट घालून त्याने एकदा तरी शिडी चढावी. वरच्या बांधापर्यंत पोचला आणि त्यानंतरही बोलण्याइतका दम उरला, तर खुशाल बोलावं.

कलम तिसरं. बँकेत जे काही असेल ते शिडीच्या दगडी बांधांसाठी. बांध कोरडेच रचावेत. सिमेंट लावलं की मागे पाणी तुंबतं आणि पहिल्याच कडक हिवाळ्यात अख्खी भिंत खाली येते. हे मी प्रत्येक गवंड्याला सांगत आले आणि प्रत्येक गवंड्याने मला मान डोलावून सिमेंट आणलं.

कलम चौथं. छाटणीच्या माझ्या तिन्ही कात्र्या आणि ओढ्याकाठची वाळुंजाची अकरा झाडं बोझेनाला. शिडीवर तारा नाहीत, प्रत्येक वेलीला तिचा स्वतःचा खांब आहे. मार्चमध्ये हवा दमट असेल त्या दिवशी वेलीच्या दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात खाली आणायच्या आणि वाळुंजाच्या ओल्या काडीने बांधायच्या. कोरड्या हवेत वाकवल्या तर काडकन मोडतात, आणि मोडलेली फांदी म्हणजे गेलेलं पीक. चौतीस वर्षांत बोझेनाच्या हातून मोडलेल्या फांद्या मी मोजल्या आहेत. सहा. फोल्करही बरा बांधतो, पण प्लॅस्टिकच्या दोरीने.

कलम पाचवं हे तळघराच्या किल्लीबद्दल आहे, आणि ती माझ्याकडे कशी आली ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी या घरात सून म्हणून आले ते १९६७ साली. दोन वर्षांनी, कडक थंडीत, चौथ्या पिंपातला रस आंबायचा थांबला. हजार लिटरचं पिंप, अर्धी साखर तशीच आत, आणि तोंडावरच्या काचेच्या नळीतून एक बुडबुडा येईना. एप्रिल अर्धा सरला तेव्हा सासरे म्हणाले, मेलं हे, गंधक घालून आंबणं कायमचं बंद करा आणि ठोक व्यापाऱ्याला देऊन टाका. मी म्हटलं, मेलं नाही, झोपलं आहे. वसंतात तळघर तापलं की आपोआप उठेल. सासरे हसले. ‘कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची पोर मला वाइन शिकवणार! लाव पैज, उठलं तर किल्ली तुझी.’ मी तळघराच्या दाराशी खुर्ची टाकली आणि तीन आठवडे रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसले, कोणाला गंधक घेऊन आत जाऊ दिलं नाही. विणकाम केलं, वाटाणे सोलले, सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळी गुडगुडली. सासऱ्यांनी पुढे होऊन किल्ली माझ्या हातात ठेवली आणि त्यानंतर पुन्हा कधी तळघराच्या बाबतीत तोंड उघडलं नाही. गावात तोवर कोणत्याही बाईकडे तळघराची किल्ली नव्हती. माझ्या आयुष्यात मी बरंच काही मिळवलं असेन, पण जिंकलेली गोष्ट ती एकच.

तेव्हापासून आमच्या घरात पाकिटातलं यीस्ट आलेलं नाही. चौथं पिंप दर एक-दोन वर्षांनी अडतं आणि दर वेळी वसंतात आपोआप उठतं. आम्ही फक्त वाट पाहतो. अंगणातल्या पाटीवरही तेच रंगवलं आहे: ‘इथली वाइन स्वतःच्या मर्जीने उठते.’

कलम सहावं. माझ्या मुलाने, फोल्कर लेनार्त्स याने, २०११ च्या एप्रिलमध्ये अडलेल्या चौथ्या पिंपासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, यीस्टचं पाकीट फाडून आत ओतलं. मी ओरडले तर म्हणाला, ‘आई, निदान समोर करतोय.’ असलं उद्धट उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. वाइन झाली, विकलीही गेली. मी तिचा घोट घेतला नाही. त्या दिवशी मी त्याची किल्ली काढून घेतली. बारा वर्षं तो शिडीवर राबतो, छाटतो, फवारतो, पाठीवर द्राक्षांच्या टोपल्या वाहतो, पण तळघराची पायरी उतरलेला नाही. माझा नवरा आलोइस २०१९ ला गेला. शेवटच्या आठवड्यातही त्याने एकच धोशा लावला होता, ‘पोराला किल्ली दे ग.’ मी दिली नाही. आलोइस मऊ माणूस होता.

कलम सातवं. म्हणून तळघर, त्यातली नऊ पिंपं, किल्ली, आणि सबंध शिडी मी बोझेनाला देत आहे, कारण तिला वाट पाहता येते. चौथं पिंप या हिवाळ्यात पुन्हा अडलं आहे. मी मेले तरी त्याला कोणी हात लावू नये. फोल्करने तर नाहीच नाही.

इथे लिहिणं थांबलं. वरच्या दोन कलमांत खाडाखोड आहे, ती का झाली हे कोर्टातल्या माणसाला कळावं म्हणून घडलं ते तसंच लिहून ठेवते.

मी सातवं कलम वाचलं. फोल्कर टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसला. मात्तेसने पेला जोरात आपटला.

‘ओटी, हे मी नाही ऐकून घेणार.’

‘मध्ये बोलायचं नाही ठरलं होतं.’

‘ठरलं असेल. एक्क्याऐंशी वर्षांचा झालोय, आता बोलणार नाही तर कधी? तुझं पिंप कधीच आपोआप उठलेलं नाही. एकदाही नाही.’

मी म्हटलं, ‘प्यायलास का सकाळी सकाळी?’

‘आलोइस माझ्याकडून न्यायचा. माझं तळघर बेकरीच्या भट्टीला लागून, ऊबदार. माझी पिंपं एप्रिलमध्येही बुडबुडत असतात. त्यांच्या तळाचा जिवंत गाळ, म्हणजे यीस्टच, दुधाच्या किटलीत भरून न्यायचा आणि तुझ्या चौथ्यात ओतायचा.’

‘खोटं. एकोणसत्तरला मी दाराशी बसले होते. तीन आठवडे!’

‘तू दाराशी बसलीस ग बाई. पण गल्लीकडची खिडकी? द्राक्षं आत सोडायची? तिच्यातून उतरायचा तो. मीच वरून किटली धरायचो. तू पलीकडे वाटाणे सोलत होतीस, आवाज यायचा आम्हाला.’

मी बोझेनाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. चौतीस वर्षांत तिला खाली बघताना मी पाहिलेलं नाही.

‘तुलाही माहीत होतं?’

‘बाई, सगळ्या गावाला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘हेरिबेर्टलासुद्धा.’

याचा राग मला सगळ्यात जास्त आला. हेरिबेर्टला माहीत असून तो पंचवीस वर्षं फक्त बकऱ्यांबद्दल बोलला!

मग माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, ‘आलोइसला जाऊन चौथा वसंत चाललाय. मध्ये दोनदा पिंप अडलं होतं आणि उठलंही. तेव्हा कोणी ओतलं? का तोच थडग्यातून किटली घेऊन आला?’

बोझेना म्हणाली, ‘ओतलं मी. आलोइसना उचलेना तेव्हापासून मीच. किल्ली माझ्याकडे असते ना, झाडायला जाते तेव्हा. किटली फोल्कर आणून द्यायचा. दारापर्यंत. आत नाही आला, बाई. तुम्ही नको म्हटलंय म्हणाला.’

‘फोल्कर, तुला कधीपासून ठाऊक?’

‘दोन हजार अकरापासून. बाबांनी सांगितलं. म्हणाले, आता माझ्याच्याने किटली उचलत नाही, तू ने, आणि आईला कळू देऊ नकोस. मला चोरून करायचं नव्हतं, म्हणून दुकानातून पाकीट आणलं आणि तुझ्यासमोर फोडलं.’

‘मग मी किल्ली काढून घेतली तेव्हा का नाही बोललास? बारा वर्षं काय तोंडात गुळणी धरली होतीस?’

‘तू एकच गोष्ट सारखी सांगतेस, आई. खुर्चीची. ती कशी काढून घेऊ तुझ्याकडून?’

मला लाज वाटली. हे कागदावर राहू दे. या स्वयंपाकघरात, या तिघांसमोर, मला इतकी लाज वाटली की कॉफी गाळायच्या निमित्ताने मी पाठ केली आणि कॉफी गाळलीच नाही. ज्या पैजेवर किल्ली मिळवली, ती पैज मी जिंकलेच नव्हते. जिंकला होता माझा मऊ नवरा, खिडकीतून उतरून, आणि पन्नास वर्षं माझ्या फुशारक्या ऐकताना त्याने चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

पण म्हणून मी कोणाची माफी मागत बसणार नाही. चोपन्न वर्षांची वाइन चांगली होती आणि आहे. शेजारच्या तळघरातला गाळ हा काही दुकानातलं पाकीट नव्हे. तोही याच डोंगराचा, याच काळ्या पाटीच्या दगडावरचा. सासरे गंधक घालणार होते, ते मी घालू दिलं नाही, हे खरं होतं आणि खरंच राहील. खुर्चीवर मीच बसले होते.

सबब खालील फेरफार, माझ्याच हातचे, माझ्याच सहीने:

कलम सहावं पूर्ण रद्द. ते खोडलं आहे, पण वाचता येईल असं खोडलं आहे. मी काय लिहिलं होतं ते दिसू दे.

कलम सातवं रद्द. बोझेना म्हणते तिला तळघर नको, तिथे तिचे गुडघे धरतात. शिडीचा वरचा अर्धा भाग बोझेनाला, खालचा फोल्करला. मधला दगडी जिना दोघांचा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी एकमेकांशी बोलावं लागेल. मागची खोली बोझेनाची, मरेपर्यंत. तळघर, नऊ पिंपं आणि किल्ली फोल्करला, माझ्या मरणानंतर नाही, आत्ता, पावणेबारा वाजता. किल्ली टेबलावर ठेवली. तो तिच्याकडे बघत बसला, तेव्हा मला म्हणावं लागलं, ‘उचल की. चावणार नाही.’

कलम आठवं, नवीन. अंगणातली पाटी काढू नये. तिच्याखाली रंगवून घ्यावं: ‘आणि शेजाऱ्याच्या किटलीने.’ अक्षरं तेवढीच मोठी हवीत.

कलम नववं. यापुढे किटली खिडकीतून जाणार नाही. चौथं पिंप अडलं की भर दुपारी, मात्तेसच्या दारातून आमच्या दारापर्यंत, चर्चसमोरच्या रस्त्याने, झाकण न लावता न्यावी. हेरिबेर्ट खिडकीत असेल तर दोन मिनिटं थांबून त्याला दाखवावी.

हे कलम आजपासूनच अमलात आलं. बाराची घंटा होत असताना मात्तेसने किटली भरून दिली. ती मी धरली, आणि खुब्यामुळे मला चालवेना म्हणून फोल्करने मला पाठुंगळीला घेतलं. हेरिबेर्ट खिडकीत होता. दोन मिनिटं थांबलो. मग तळघराच्या अकरा पायऱ्या. मी दोन वर्षांनी उतरले, तो बारा वर्षांनी. उतरण्याआधी दारात तो अडखळला, म्हणाला, ‘जाऊ ना, आई?’

मी म्हटलं, ‘तुझंच आहे.’

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, खाडाखोडीसकट.

सही: ओटिलिए लेनार्त्स

साक्षीदार: मात्तेस थीलेन. बोझेना व्रोन्स्का. फोल्कर लेनार्त्स (वारसाने साक्ष घालू नये म्हणतात. मी घालायला लावली.)

ठिकाण: उंटरलाय, तळघर, चौथ्या पिंपापाशी, मुलाच्या पाठीवर कागद ठेवून.
तारीख: सोमवार, २४ एप्रिल २०२३.